मिक्सर लावला की इन्व्हर्टर बंद: नवी बॅटरी आणण्याआधी काय काय तपासायचं

वस्तीवर लाइन नाही. पत्र्यावर एक-दोन सोलर पॅनेल, घरात १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) ट्युब्युलर (नळीदार प्लेटांची) बॅटरी आणि ९०० व्हीएचा इन्व्हर्टर. सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर, कुठल्याही शेतवस्तीवर थोड्याफार फरकाने हीच जोडणी दिसते आणि तक्रारीही त्याच त्या येतात. खालचे आकडे या जोडणीचे आहेत. तुमची २४ व्होल्टची असेल तर अँपिअर निम्मे धरा.

लक्षणं

- दिवे-पंखे नीट चालतात, पण मिक्सर किंवा टाकीचा पंप लावला की ‘लो बॅटरी’चा टूं-टूं आणि अंधार.
- बंद पडल्यावर पाच मिनिटांनी मीटर लावला तर बॅटरी पुन्हा १२ च्या वर.
- दिवसा चार्जिंग लवकर ‘फुल’ दाखवतं, रात्री तासाभरात उतरते.
- रात्री काही लावलेलंच नसतं, तरी सकाळी बॅटरी खाली.
- बॅटरीवरचा लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) हात टेकवत नाही इतका तापतो, किंवा त्याच्याजवळचं वायरचं कव्हर काळं, मऊ पडलंय.
- जोडीतल्या एकाच बॅटरीला सारखं पाणी लागतं.

एवढ्यावरून ‘बॅटरी गेली’ म्हणता येत नाही. कळतं ते इतकंच, की इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज १०.५ च्या आसपास आलं आणि त्याने स्वतःला बंद करून घेतलं. ते व्होल्टेज बॅटरीत पडलं, वायरीत पडलं की लगाखाली पडलं, ते शोधायचं. बॅटरीचा खर्च १०-१५ हजारांच्या घरात जातो आणि लगाचा ५० रुपयांत भागतो, तेव्हा शोधायचा क्रमही स्वस्ताकडूनच.

आधी करंटचा हिशोब

१२ व्होल्टला साधा हिशोब: लोडचे वॅट भागिले १०. उत्तर येईल तेवढे अँपिअर बॅटरीतून निघतात. (१२ व्होल्ट गुणिले इन्व्हर्टरची ८५ टक्के कार्यक्षमता, म्हणून १०.) १० वॅटचा एलईडी १ अँपिअर, ७५ वॅटचा जुना पंखा साडेसात, ६०० वॅट खाणारा मिक्सर ६०. तोच मिक्सर गावातल्या घरी २३० व्होल्टच्या सॉकेटवर जेमतेम तीन अँपिअर घेतो. त्यामुळे ६० हा आकडा कुणाच्या डोक्यातच नसतो, आणि वायरही तीन अँपिअरच्या अंदाजाने टाकलेली असते.

बॅटरीवर १५० एएचच्या शेजारी बारीक अक्षरात सी२० किंवा सी१० लिहिलेलं असतं. सी२० म्हणजे साडेसात अँपिअरने २० तास काढली तर १५० एएच. सी१० म्हणजे १५ अँपिअरने १० तास. सोलरसाठी विकतात त्या बहुतेक सी१०. सी२० ची बॅटरी ६० अँपिअरने ओढली की भागाकाराने अडीच तास यायला हवेत, प्रत्यक्षात दीडेक तास मिळतो. ॲसिडला प्लेटच्या आत झिरपायला वेळ लागतो. जोरात ओढलं की प्लेटच्या तोंडापाशी असलेलं संपतं आणि आतलं पोचेपर्यंत व्होल्टेज कोसळतं. पाच मिनिटांनी ते ‘आपोआप’ वर येतं ते यामुळेच. जर्मनीच्या पॉयकर्टने १८९७ मध्ये याचं सूत्र मांडलं, बॅटरीवाले आजही तेच वापरतात.

यात आणखी एक फास आहे. मिक्सरला वॅट तेवढेच लागतात, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की इन्व्हर्टर जास्त अँपिअर ओढतो. १२.५ व्होल्टला ५६ लागत असतील तर १०.८ ला ६५. जास्त ओढल्याने व्होल्टेज आणखी उतरतं. शेवटचा अर्धा व्होल्ट डोळ्यांदेखत जातो तो असा.

हात लावण्याआधी

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण प्लस-मायनसमध्ये पाना आडवा पडला तर तो लाल होतो, अंगठी असेल तर बोट भाजतं. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. आधी इन्व्हर्टर आणि पॅनेलचा स्विच बंद करा, मग मायनस सोडा, मग प्लस. जोडताना उलट. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे विडी-काडी नको. शेवटची वायर टेकवताना बारीक ठिणगी उडते, ती इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरल्याची. तेवढ्याने घाबरू नका, मात्र चार्जिंग थांबून तास-दोन तास झाल्यावरच हे काम करा.

१. कोणता दिवा लागतो ते बघा (फुकट)

बंद पडताना ‘लो बॅटरी’ लागतो की ‘ओव्हरलोड’? ९०० व्हीए म्हणजे ९०० वॅट नव्हे, मागच्या पट्टीवर ७०० ते ७५० वॅटच्या आसपास आकडा सापडेल. ७५० वॅटच्या मिक्सरला पंखे आणि टीव्ही जोडीला असले तर ओव्हरलोड होणारच, त्यात बॅटरीचा दोष नाही. शेंगा चटणी करताना हे हमखास घडतं. दाण्यांना तेल सुटायला लागलं की भांड्यातलं जड होतं, पातं अडतं, मोटर दमते आणि करंट वर चढतो. भांडं अर्धंच भरा आणि दुपारी करा, पॅनेलचीही मदत होते.

पंपाचं गणित वेगळं. अर्ध्या एचपीची मोटर चालताना ५५०-६०० वॅट घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट मागते. ती आधी नीट सुरू व्हायची आणि आता हूं-हूं करून इन्व्हर्टर पाडते, असं असेल तर मोटरचा कपॅसिटर उतरलेला असण्याची शक्यता मोठी. शे-दीडशेची वस्तू आहे, इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. चौकोनी वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर मोटर तशीही जास्त करंट घेते आणि गुणगुणते.

कडबा कुट्टीचा विचार सोडून द्या. दोन एचपीच्या मोटरला १२ व्होल्टला २०० अँपिअरच्या आसपास लागतात, तेही चालू झाल्यावर. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड यांनाही या जोडणीत जागा नाही.

२. मागचे स्विच आणि रिकामा खर्च (फुकट)

बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा स्विच असतो: ट्युब्युलर, फ्लॅट, एसएमएफ (पाणी घालावं न लागणारी सीलबंद). ट्युब्युलर बॅटरी आणि स्विच एसएमएफवर, हे नेहमी सापडतं. मग चार्जिंग १४.४ पर्यंत न जाता आधीच थांबतं, ‘फुल’चा दिवा लागतो आणि बॅटरी रोज थोडी थोडी भुकेली राहते. ट्युब्युलरला बसेल त्या जागी स्विच आणा आणि आठवडाभर बघा.

इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी काही खातोच. दीड अँपिअर धरला तर दिवसाला ३६ एएच होतात, म्हणजे बॅटरीचा जवळपास चौथा हिस्सा एकही दिवा न लावता संपला. शेतात कोणी नसेल तेव्हा इन्व्हर्टर पुढच्या बटणाने बंद करा. पॅनेलचं चार्जिंग तरीही चालू राहतं का, हे एकदा दिवसा बघून घ्या. काही मॉडेलमध्ये राहतं, काहींत नाही.

३. पाणी आणि लग (१०० रुपयांच्या आत)

तरंगते इंडिकेटर लाल खुणेवर असतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला, हिरव्या खुणेपर्यंत. बोअरचं पाणी अजिबात नको, आरओचंही नको, त्यांतले क्षार प्लेट खातात. आणि ‘ताकद यावी’ म्हणून ॲसिड तर मुळीच घालू नका. आटतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. प्लेटा उघड्या पडल्या नसतील तर चार्जिंग पूर्ण झाल्यावर पाणी घालावं, आधी भरलं तर चार्ज होताना उतू जातं.

लगावर पांढरी-हिरवी भुकटी बसलीय का? वायर सोडा. ग्लासभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, फसफस थांबेपर्यंत. झाकणांतून आत थेंबही जाऊ देऊ नका, आतलं ॲसिड मरतं. कोरडं करून शिशाचा खांब आणि लगाची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा (बहुतेक ठिकाणी १३ नंबरचा पाना लागतो) आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग लग, असा उलटा क्रम बरेच जण करतात, त्याने सांधा बिघडू शकतो.

४. दोन जागी व्होल्टेज मोजा (मल्टीमीटर, ३००-४०० रुपये)

या पोस्टमधली एकच तपासणी करायची असेल तर ही करा.

आदल्या दिवशी पूर्ण चार्ज झालेली बॅटरी घ्या, पॅनेलचा स्विच बंद ठेवा. ३०० वॅटचा स्थिर लोड टाका: चार जुने पंखे पूर्ण वेगात, किंवा १०० वॅटचे तीन पिवळे बल्ब. म्हणजे ३० अँपिअरच्या आसपास. पाच मिनिटं चालू द्या. मीटर २० व्होल्ट डीसीवर.

पहिलं रीडिंग बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर. लगावर किंवा बोल्टवर नको, मीटरचं टोक खांबाच्या शिशातच रुतलं पाहिजे. दुसरं रीडिंग इन्व्हर्टरच्या बॅटरी टर्मिनलवर. दोन्ही लिहून ठेवा.

समजा खांबांवर १२.० आणि इन्व्हर्टरवर ११.३ आलं. मधल्या मध्ये ०.७ व्होल्ट गेले. मिक्सरने ६० अँपिअर ओढले की हेच १.४ होणार. बॅटरी खांबांवर ११.८ देत असली तरी इन्व्हर्टरला १०.४ दिसतं, आणि तो बंद पडतो. बॅटरी निम्म्याच्या वर भरलेली आहे, दोष तिचा नाही. शिवाय १.४ व्होल्ट गुणिले ६० अँपिअर म्हणजे ८४ वॅट, एका पंख्याहून जास्त वीज नुसती वायर तापवण्यात चाललीय.

फरक पाव व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक, सरळ सहाव्या तपासणीवर जा. जास्त असेल तर तुकड्या-तुकड्याने मोजा. एक टोक शिशाच्या खांबावर, दुसरं त्यावरच्याच लगावर: इथे ०.०२-०.०३ च्या वर काही दिसायला नको. मग लग ते वायरीची तांब्याची तार, मग फ्यूजच्या दोन्ही बाजू, शेवटी इन्व्हर्टरचा बोल्ट. मायनसकडेही हेच सगळं, ती बाजू मोजायची बहुतेक राहून जाते. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारेल तिथे दोष, आणि बहुधा तोच तुकडा हाताला गरम लागतो.

५. वायर आणि फ्यूज

सापडणारे दोष दोनच असतात. पहिला, लग हातोडीने ठोकून किंवा पकडीने दाबून बसवलेला. त्याला क्रिंपिंगचं हत्यारच लागतं, दुकानात नेऊन दाबून आणा. दुसरा, वायरच बारीक.

बॅटरी ते इन्व्हर्टर दोन मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबं. ६ स्क्वेअर एमएमच्या वायरीत ६० अँपिअरला ०.७ व्होल्ट जातात, १६ मध्ये सुमारे पाव व्होल्ट, २५ मध्ये त्याहून कमी. त्यामुळे १६ च्या खाली नको, आणि अंतर दोन मीटरच्या वर नको. वायर लांबवायची वेळ आलीच तर २३० व्होल्टची लांबवा, बॅटरीची नाही. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायरही मिळते. ती वजनाला हलकी लागते, आणि टोक खरवडलं की पांढरं दिसतं.

प्लसच्या वायरीत बॅटरीजवळ ८० अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच. घरातला एसी एमसीबी तिथे लावू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून त्यातली ठिणगी विझते. डीसीला तो शून्य नाही, ठिणगी पेटून राहते.

६. हायड्रोमीटर (शे-दोनशे रुपये)

नुसत्या व्होल्टेजवरून बॅटरी ओळखताना बरेच जण फसतात. इंटरनेटवरचा तक्ता म्हणतो १२.७ म्हणजे फुल. ते १.२८० ग्रॅव्हिटीच्या (म्हणजे ॲसिडची घनता, हायड्रोमीटर तीच मोजतो) बॅटरीला लागू आहे. आपल्याकडच्या बऱ्याच ट्युब्युलर १.२४० च्या असतात, त्यांचं फुल म्हणजे १२.५. हिशोब असा: ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा, सहाने गुणा. तुमच्या बॅटरीची ग्रॅव्हिटी लेबलवर किंवा वॉरंटी कार्डावर असते.

पूर्ण चार्ज करून तीन-चार तास थांबा, गॉगल आणि रबरी हातमोजे घालून सहाही सेल (बॅटरीतले कप्पे) मोजा. हायड्रोमीटर २७ अंशांवर बेतलेला असतो, त्याहून दर १० अंश जास्तीला ०.००७ मिळवा. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचं ॲसिड सहज ४५ अंशांवर जातं, म्हणजे ०.०१२ ची भर घालायला विसरू नका.

सहाही सेल १.१८०-१.२०० वर एकसारखे खाली असतील तर बॅटरी उपाशी आहे, पुढची तपासणी करा. पाच सेल १.२४० आणि एक १.१७० असेल तर तो सेल बसला. फरक ०.०३० च्या आत आहे तोवर लांब चार्जिंगने सुधारण्याची आशा धरता येते. त्यापुढे वॉरंटी बघा.

२४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडलेल्या असतील तर लोड चालू ठेवून प्रत्येकीचं व्होल्टेज वेगळं मोजा. एक १२.१ आणि दुसरी ११.२ असेल तर दुबळी दुसरी. नव्याला जुनी जोडून पैसे वाचत नाहीत, जुनी नवीलाही घेऊन बसते.

७. पॅनेल भरतंय किती?

संध्याकाळी ६० एएच वापरले तर शिशाच्या बॅटरीत ७० तरी परत टाकावे लागतात. आता पॅनेल बघा. ३३० वॅटचं पॅनेल ३७ व्होल्टला ९ अँपिअरच्या आसपास देतं. १२ व्होल्टच्या बॅटरीला ते पीडब्ल्यूएम कंट्रोलरने (पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा डबा, त्यातला साधा प्रकार) जोडलं तर बॅटरीत ९ अँपिअरच जातात, वरचे व्होल्ट वाया. पाच तासांचं चांगलं ऊन धरलं तर ४५ एएच. रोज २५ ची तूट. महिन्याभरात प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि मग नवी बॅटरी आणली तरी तिचीही तीच गत होते. तेच पॅनेल एमपीपीटी (वरचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलणाऱ्या) कंट्रोलरवर, उन्हाने तापून आणि धूळ धरूनही १८ अँपिअरच्या आसपास देतं, म्हणजे दिवसाला ९० एएच. वारंवार बॅटरी बदलणाऱ्या घरांत मूळ दोष बहुधा हाच निघतो. कंट्रोलरचा प्रकार त्याच्या लेबलवर लिहिलेला असतो, पॅनेलचे आकडे पॅनेलच्या पाठीवर.

प्रत्यक्ष मोजायचं तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. स्वस्तातले क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरीवर शून्य दाखवतात, घेताना बघून घ्या. पॅनेल पुसायचं ते सकाळी थंड असताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

जागेचंही बघा. पश्चिमेच्या भिंतीला टेकून पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी लवकर जाते, तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं असा ठोकताळा आहे. गंमत म्हणजे उष्णतेत तीच बॅटरी तात्पुरती जोमात चालते. मे महिन्यात तक्रार नसते, श्रावणात आभाळ भरून आलं की फोन सुरू होतात.

८. दोन पंख्यांची परीक्षा (फुकट, पण दिवस जातो)

वरचं सगळं ठीक निघालं तरच आता बॅटरीवर संशय घ्या. पूर्ण चार्ज, पॅनेल बंद, ७५ वॅटचे दोनच पंखे पूर्ण वेगात. म्हणजे १५ अँपिअर. दर अर्ध्या तासाला खांबांवरचं व्होल्टेज लिहा, १०.८ ला थांबा. सी१० ची १५० एएच बॅटरी आठ तासांच्या वर गेली तर ठणठणीत आहे. पाच-सहा तास म्हणजे म्हातारी झाली, पण दिवे-पंख्यांना चालेल, मिक्सर मात्र दिवसा लावा. चार तासांच्या आत बसली तर बदला. परीक्षा झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण चार्जला लावा, रिकामी ठेवू नका.

बदलायचं ठरलंच तर आधी पंखे बघा. ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावले तर तेच दोन पंखे १५ ऐवजी ६ अँपिअरवर येतात.

लिथियमची बॅटरी असेल तर सहावी तपासणी गैरलागू. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि बीएमएस (बॅटरीतलंच संरक्षक सर्किट) एकदम तोडतो. बीएमएस ५० अँपिअरचा आणि मिक्सर ६० चा, एवढंच कारण पुष्कळदा असतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

- बॅटरी फुगलीय, चिरलीय, किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतोय. इन्व्हर्टर आणि पॅनेल लांबूनच बंद करा, दारं-खिडक्या उघडा, वायर सोडायला जाऊ नका.
- चार्जिंगला एकच सेल बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागतो.
- ४८ व्होल्टच्या किंवा त्यावरच्या बॅटऱ्यांची माळ. १२० व्होल्ट डीसी जीव घेतं.
- पॅनेलची माळ. उन्हात तिचे कनेक्टर ओढून सोडू नका, ठिणगी लांबते आणि हात भाजतो.
- वायरिंग चांगलं, ग्रॅव्हिटी चांगली, तरी इन्व्हर्टर ११.५ लाच बंद पडतो, किंवा जळका वास येतो. दोष इन्व्हर्टरच्या कार्डात (आतल्या सर्किट बोर्डात) आहे. झाकण उघडू नका, आतले कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भरलेले राहतात.
- वॉरंटी चालू आहे. सील तोडलं की दावा गेला.

फोन करताना ‘बॅकअप मिळत नाही’ एवढंच सांगू नका. ३०० वॅटच्या लोडला खांबांवर किती व्होल्ट, इन्व्हर्टरवर किती, सहा सेलची ग्रॅव्हिटी, वायरची जाडी, आणि कंट्रोलर पीडब्ल्यूएम की एमपीपीटी, हे एका कागदावर लिहून वाचून दाखवा. येणारा माणूस मग योग्य लग आणि वायर बरोबर घेऊन निघेल, आणि वस्तीवरचा त्याचा दुसरा हेलपाटा वाचेल.